रानजैतून: कडू फळ, चिवट खुंट, झणझणीत तेल

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिम्पियाच्या खेळांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पानांचे एक कडे चढवत. त्याला कोटिनोस म्हणत. झ्यूसच्या मंदिराजवळ एक रानजैतून उभे होते. ज्याचे आईवडील दोघेही हयात आहेत असा मुलगा सोन्याच्या विळ्याने त्याच्या डहाळ्या छाटी आणि त्यांचे ते कडे वळले जाई. हे झाड हेराक्लीसने थेट उत्तरेकडच्या हायपरबोरियन लोकांच्या मुलखातून आणले, अशी कथा दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पौसानियस याने नोंदवली आहे. सगळ्यांनाच या पानांचे एवढे अप्रूप नव्हते. इसवी सनापूर्वी ३८८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘प्लुटस’ या नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीसने यावर टोला हाणला आहे. त्यातला युक्तिवाद असा, की झ्यूस कफल्लक असला पाहिजे. एरवी विजेत्यांना सोने द्यायचे सोडून रानजैतुनाची पाने कशाला दिली असती?

अथेन्सच्या पॅनाथिनिया उत्सवात मात्र विजेत्यांना जैतुनाचे तेल मिळे. एकेका रंगीत रांजणात चाळीस लिटरच्या आसपास तेल मावे आणि रथांच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला असे १४० रांजण मिळत, असे त्या काळच्या एका शिलालेखावरून कळते. म्हणजे एका ठिकाणी नुसती पाने आणि दुसऱ्या ठिकाणी घर भरेल एवढे तेल. पानांचे झाड रानटी होते, तेलाचे झाड लावलेले होते. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे एकाच जातीची आहेत. आज जगभर जी जैतुनाची फळे खाल्ली जातात आणि जे तेल वापरले जाते, त्या सगळ्याचे मूळ या रानटी झाडात आहे.

या जातीचे शास्त्रीय नाव ओलिया युरोपिया, आणि तिच्यातल्या रानटी प्रकाराला सिल्व्हेस्ट्रिस म्हणतात. भूमध्य समुद्राच्या काठाने, मोरोक्को आणि पोर्तुगालपासून सीरिया-तुर्कस्तानपर्यंत, खडकाळ उतारांवर ते आपोआप उगवते. स्पेनमध्ये त्याला असेबुचे म्हणतात, पोर्तुगालमध्ये झांबुझेरू, सार्डिनियात ओझ्झास्त्रू, ग्रीसमध्ये आग्रिएलिया. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘रानटी जैतून’ हा शब्द ओळखीचा असेल.

लागवडीच्या झाडापासून त्याला वेगळे ओळखणे तरुणपणी सोपे असते. रानटी रोप काटेरी असते. डहाळ्यांची टोके ताठ आणि अणकुचीदार होतात, पाने नखाएवढी लहान राहतात आणि फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की आत हात घालवत नाही. हा सगळा शेळ्यांविरुद्धचा बंदोबस्त आहे. जिथे शेळ्या रोज चरतात तिथे रानजैतून वर्षानुवर्षे गुडघाभर उंचीचे काटेरी झुडूपच राहते. एखाद्या वर्षी मधला शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर निसटला, की मग त्याचे झाड होते आणि पाने लांबट होऊ लागतात. पानाची वरची बाजू गडद हिरवी आणि चिवट, खालची रुपेरी. ही रुपेरी झाक तिथल्या सूक्ष्म खवल्यांमुळे येते. हे खवले पानातले पाणी उडू देत नाहीत, म्हणूनच पाऊस नसलेला भूमध्य प्रदेशातला कडक उन्हाळा झाड हिरव्या पानांनिशी काढते. वसंतात बारीक पांढरट फुलांचे घोस येतात. त्यांचे परागण वारा करतो आणि शेकडा एक ते पाच फुलांचीच फळे होतात.

हे कुळ आपल्याला परके नाही. मोगरा, जाई, जुई, पारिजातक ही सगळी जैतुनाच्याच कुळातली, म्हणजे ओलिएसी कुळातली आहेत. आपण त्या कुळाकडून सुगंध घेतला, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी तेल घेतले.

आता फळाकडे वळू. रानजैतुनाचे फळ लहान असते. लागवडीच्या फळांचे वजन साधारण दोन ते दहा ग्रॅम भरते. रानटी फळ बहुतेक वेळा एका ग्रॅमच्या आसपास. त्यातही बाठ मोठी आणि गर पातळ. हिरवे असताना ते इतके कडू असते की एक चावा घेतला तर दुसरा घेण्याची इच्छा राहत नाही. लागवडीचे जैतूनही झाडावरून तोडून खाल्ले तर कडूच लागते. बाजारात बाटलीतून मिळणारी फळे खाऊन ज्यांना जैतुनाची कल्पना आली आहे, त्यांना हे खरे वाटणार नाही. बाटलीतले प्रत्येक फळ आधी कडूपणा काढलेले असते.

हा कडूपणा ओल्युरोपीन नावाच्या द्रव्याचा. बुर्केलो आणि व्हिंटिलेस्को या दोघांनी १९०८ मध्ये ते पहिल्यांदा वेगळे केले. कोवळ्या फळात वाळलेल्या वजनाच्या १४ टक्क्यांपर्यंत हे द्रव्य भरलेले असू शकते. फळ पिकत जाते तसे त्याचे प्रमाण उतरते. झाडाला त्याचा उपयोग काय, याचा उलगडा याच कुळातल्या प्रायव्हेट नावाच्या कुंपणाच्या झुडपावर जपानमध्ये झालेल्या अभ्यासातून १९९९ मध्ये झाला. पान शाबूत असते तोवर ओल्युरोपीन आणि त्याला फोडणारे विकर पेशींमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. अळीने पान कुरतडले की कप्पे फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. त्यातून जे रसायन तयार होते ते पानातल्या प्रथिनांना असे जखडून टाकते की अळीच्या पोटात ती पचतच नाहीत. अळी पान खाते आणि तरी उपाशी राहते.

पक्ष्यांची मात्र या फळाबद्दल काही तक्रार नसते. हिवाळ्यात उत्तर युरोपातून लाखो पक्षी भूमध्य समुद्राकाठी उतरतात. ब्लॅककॅप नावाचा काळ्या टोपीचा वटवट्या, कस्तूर, मैनेच्या जातीतले पक्षी या फळांवर तुटून पडतात. पिकलेल्या फळात चरबी भरपूर, आणि थंडीत पक्ष्याला हवी असते तीच. फळ अख्खे गिळायचे, गर पचवायचा, बाठ दूर कुठेतरी टाकायची. झाडाचा वंश असाच पसरतो. स्पेनमधल्या अभ्यासकांनी याचीच एक मनोरंजक बाजू दाखवली आहे. लागवडीची फळे या छोट्या पक्ष्यांच्या चोचीत मावत नाहीत. ते गर टोचून खातात आणि बाठ झाडाखालीच पडते. माणसाने हजारो वर्षे मोठी फळे निवडली आणि त्या नादात या झाडाची पक्ष्यांशी असलेली भागीदारी मोडून टाकली. लागवडीचे जैतून आता आपल्या प्रसारासाठी माणसावर अवलंबून आहे. रानटी मात्र अजून पक्ष्यांच्या भरवशावर आहे.

माणसाची या झाडाशी ओळख फार जुनी आहे. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एल म्नासरा आणि एल हारहुरा या गुहांमध्ये जैतुनाच्या जळक्या बाठी आणि कोळसा सापडला आहे. सुमारे एक लाख वर्षांपूर्वीची माणसे तिथे हे लाकूड आणि बाठी जाळत होती, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. फळे त्यांनी खाल्ली असतीलच, पण जळणाचा पुरावा अधिक ठाम आहे. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो इथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जैतुनाच्या मोजक्या बाठी मिळाल्या. तेव्हा शेतीचा पत्ता नव्हता, म्हणजे ही फळे रानातली होती हे उघड आहे.

मला सगळ्यात रंजक वाटते ती हैफा शहराजवळची, कार्मेल डोंगराच्या पायथ्याची गोष्ट. हिमयुगानंतर समुद्र वर चढला तेव्हा तिथली किनाऱ्यावरची गावे बुडाली. त्या गाळात सेंद्रिय वस्तू हजारो वर्षे टिकून राहिल्या. क्फार सामीर या बुडालेल्या गावी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे खड्डे सापडले. त्यांत ठेचलेल्या जैतुनाचा चोथा आणि फुटलेल्या बाठींचा खच होता, सोबत दगडी पात्रे आणि विणलेल्या गाळण्यांचे अवशेष. हे तेल काढण्याचे ठिकाण होते. जवळच हिशुले कार्मेल इथे सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीची दगडांनी बांधलेली दोन कुंडे मिळाली. त्यांतही हजारो बाठी होत्या, पण बहुतेक अख्ख्या. तेल काढायचे तर बाठ ठेचली जाते. इथे ठेचलेली नव्हती. शिवाय ठिकाण अगदी समुद्राच्या कडेला. एहुद गॅलिली, डाफ्ना लँगगुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असा अर्थ लावला, की ही फळे समुद्राच्या पाण्यात वारंवार धुऊन, मुरवून खाण्यासाठी तयार केली जात होती. खायच्या जैतुनाचा हा आजवर मिळालेला सर्वांत जुना पुरावा. म्हणजे कडू फळ खाण्याजोगे करण्याची युक्ती माणसाला लेखनाच्या शोधाआधी कितीतरी शतके सापडली होती.

युक्ती दिसायला साधी आहे. ओल्युरोपीन पाण्यात उतरते, म्हणून फळाला चिरा द्यायच्या किंवा दगडाने हलके फोडायचे आणि रोज पाणी बदलत भिजत ठेवायचे. आठवडा-दोन आठवड्यांत कडूपणा सोसवेल इतका होतो. न फोडता मिठाच्या पाण्यात ठेवले तर काम महिनोन्‌महिने चालते. त्या काळात फळाच्या सालीवरचे जिवाणू साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात, खार आंबट होतो आणि फळ टिकते. तिसरी रीत कोरड्या मिठाची. पिकलेली काळी फळे मिठाच्या थरांत घालायची. मीठ आतले पाणी आणि त्याबरोबर कडूपणा ओढून घेते, फळ सुरकुतते. कारखान्यांत आता कॉस्टिक सोड्याचे पाणी वापरतात. ते ओल्युरोपीनचा रेणूच तोडते, म्हणून जे महिन्यांचे काम ते काही तासांत होते. पण चवीतला बराचसा भागही त्याबरोबर धुऊन जातो. कॉस्टिकमधून काढलेली फळे गुळगुळीत, देखणी आणि बेचव असतात, हे माझे मत आहे. खारात मुरलेल्या फळाशी त्यांची बरोबरी नाही.

रोमन लोक या बाबतीत पक्के खवय्ये होते. कोलुमेला या शेतीविषयक लेखकाने पहिल्या शतकात जैतून मुरवण्याचे कितीतरी प्रकार लिहून ठेवले आहेत, त्यांत बडीशेपेच्या जातीची पाने आणि मस्तकी नावाचा डिंकही येतो. त्याच्याही आधीच्या केटोच्या शेतीच्या पुस्तकात एपिटिरम नावाच्या पदार्थाची कृती आहे. बाठी काढून फळे चिरायची आणि त्यांत तेल, व्हिनेगर, कोथिंबीर, जिरे, बडीशेप, सताप आणि पुदिना घालायचा. ही कृती वाचताना आपल्या स्वयंपाकघरातले अर्धे सामान डोळ्यांपुढे येते. रानजैतुनाची फळे अशाच सगळ्या रीतींनी मुरवता येतात, पण एवढ्याशा गरासाठी एवढा खटाटोप कोण करणार? दुष्काळात आणि गरिबीत लोकांनी तो केला. हाती चांगली फळे असताना सहसा कोणी केला नाही.

निसर्ग कधीकधी हे काम स्वतःच करून ठेवतो. तुर्कस्तानात इझमिरजवळच्या काराबुरुन द्वीपकल्पावर काही झाडांची फळे फांदीवरच गोड होतात. समुद्रावरून दमट वारा येतो, फळांवर एक बुरशी वाढते आणि तिच्यामुळे ओल्युरोपीन फांदीवरच मोडून पडते. फळ सुरकुतते, खजुरासारखे दिसते, म्हणून त्याला तिथे खजूर-जैतून अशा अर्थाचे नाव आहे. ना मीठ, ना पाणी. तोडायचे आणि खायचे. ही लागवडीची झाडे आहेत. पण पहिल्यांदा कोणा माणसाला हे कडू फळ खाण्याचे धाडस कसे झाले असेल, याचे एक संभाव्य उत्तर अशा फळांत असावे असे वाटते. समुद्रात पडलेली फळे काही दिवसांनी वाहत किनाऱ्याला लागली आणि कोणीतरी चाखली, ही दुसरी शक्यता. दोन्ही अंदाजच.

रानजैतुनाची खरी थोरवी मात्र त्याच्या मुळात आहे. जैतुनाची बी पेरली तर तेच झाड उगवत नाही. उत्तम फळाच्या बाठीतूनही बहुधा काटेरी, बारीक फळांचे रोप येते. थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने हे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. म्हणून चांगले झाड हवे असेल तर फांदी लावायची किंवा कलम बांधायचे. आणि कलमाला खुंट कुठून आणायचा? रानजैतून डोंगरभर उभेच आहे. त्याची मुळे खडकात खोल गेलेली असतात, दुष्काळ त्याने पचवलेला असतो. कोकणात रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसचे कलम बांधतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे खुंट रोपवाटिकेत रुजवलेला नसतो, तो माळावर शतकभर आधीपासून उभा असू शकतो. अल्जीरियातल्या काबिलिया डोंगरांतल्या जैतुनाच्या बागा मोठ्या प्रमाणावर अशाच, रानझाडे होती तिथेच कलमे बांधून उभ्या राहिल्या.

ही गोष्ट इतकी सर्वपरिचित होती की ती वाङ्मयात आणि धर्मग्रंथांत शिरली. ओडिसीच्या पाचव्या सर्गात तराफा फुटून किनाऱ्याला लागलेला ओडिसियस पालापाचोळ्यात झोपायला जागा शोधतो. ती जागा एकाच ठिकाणाहून उगवलेल्या दोन झुडपांखाली आहे, एक रानटी आणि एक लावलेले जैतून. कलमी झाडाच्या बुंध्यातून रानटी फुटवे येतात, हे पाहिलेल्या माणसालाच असे चित्र सुचेल. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने हीच उपमा उलटी वापरली आहे. रानटी फांदी लावलेल्या झाडावर कलम केली, असे तो म्हणतो. बागायतदार सहसा असे करत नाही, आणि हे निसर्गाच्या विरुद्ध आहे असे पौल स्वतःच पुढे म्हणतो. म्हणजे त्याला शेती कळत नव्हती असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी पुढचे वाक्य नीट वाचलेले दिसत नाही.

क्रीट बेटावर व्हूव्हेस गावात एक जैतून आहे. त्याच्या उरलेल्या लाकडातली वर्तुळे मोजून त्याचे वय किमान दोन हजार वर्षे असल्याचे सांगतात. त्याहून मोठे आकडे पर्यटकांना ऐकवले जातात, पण जुन्या जैतुनाचा गाभा कुजून पोकळ होतो आणि सगळ्यात जुनी वर्तुळे त्याबरोबर नाहीशी होतात, त्यामुळे मोठ्या आकड्यांवर फार विसंबू नये. हे झाडही रानटी खुंटावर बांधलेले कलम आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्याचे कडे याच झाडाच्या डहाळ्यांचे होते. सार्डिनियातल्या लुरास गावाजवळ एक खरेखुरे रानजैतून आहे. त्याच्या बुंध्याचा घेर १२ मीटरच्या जवळपास आहे आणि १९९१ मध्ये त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. त्याचे वयही तीन-चार हजार वर्षे सांगतात. आकडा काहीही असो, पोकळ बुंध्याचे ते झाड अजून पालवते.

‘खरेखुरे’ हा शब्द मुद्दाम वापरला. बागेतल्या फळाची बाठ रानात पडून उगवली की तिचे झाड रानटीच दिसते. भूमध्य प्रदेशात जे जे काटेरी जैतून दिसते ते सगळे अस्सल रानटी नसते. कित्येक झाडे बागेतून पळालेल्यांची संतती असतात. गेल्या काही दशकांत आनुवंशिक तपासण्या झाल्या तेव्हा अस्सल रानटी वंश मोजक्याच जंगलांत शुद्ध राहिल्याचे आढळले. त्यांच्यात रोग, खारट जमीन आणि दुष्काळ सोसण्याचे जे गुण आहेत ते बागेतल्या मूठभर वाणांत नाहीत. पुढे नवे वाण तयार करायचे तर याच झाडांकडे यावे लागेल.

भूमध्य समुद्र ओलांडून दक्षिणेला गेले की या जातीचे दुसरे भाऊबंद भेटतात. सहाराच्या मधोमध, अल्जीरियाच्या हॉगर आणि नायजरच्या आईर डोंगरांत लापेरिनचे जैतून आहे. तिथे पाऊस इतका अनिश्चित की झाडाला फळे धरून बी रुजणे ही दुर्मीळ गोष्ट. ते प्रामुख्याने बुंध्यातून पुन्हापुन्हा फुटून जगते. वरचे खोड मरते, खालचे मूळ नवे खोड काढते.

पूर्व आफ्रिकेतले जैतून मात्र भरभरून वाढते, आणि तिथे त्याचा खाण्याशी संबंध अगदी निराळ्या वाटेने येतो. इथिओपियात त्याला वेयरा म्हणतात. फळाकडे फारसे कोणी पाहत नाही. कामाचे असते ते लाकूड. वेयराच्या ढलप्या धुमसत ठेवतात आणि दुधाचे भांडे त्या धुरावर उपडे धरतात. आतला भाग धुराने भरतो. मग त्यात दूध ओततात किंवा विरजण लावतात. दुधाला एक मंद, लाकडी, धुराचा वास लागतो आणि ते लवकर नासत नाही. धुरातल्या द्रव्यांनी भांड्यातले जंतू कमी होतात, हे प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत दिसले आहे. जवाची घरगुती बिअर, जिला तेल्ला म्हणतात, तिचे मडकेही असेच धुरावतात. केनिया आणि टांझानियातले मासाई दुधाचे भोपळे याच झाडाच्या निखाऱ्यांनी आतून साफ करतात. जळती काडी भोपळ्यात घालून हलवायची, मग ब्रशने घासायचे. पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखात भांडे धुण्याची याहून चांगली रीत सुचणे कठीण. तेलासाठी जगप्रसिद्ध झालेल्या झाडाची एवढी चांगली दुसरी बाजू बाहेर फारशी कोणाला माहीत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

हीच पूर्व आफ्रिकेतली उपजाती, कस्पिडाटा, अरबस्तानातून अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत येते. जम्मू, हिमाचल, उत्तराखंड इथे तिला काहू म्हणतात. पाने गुरांना चारतात, कठीण लाकडाच्या काठ्या आणि अवजारांचे दांडे करतात. फळ वाटाण्याहून थोडे मोठे, गर नावाला. पिकल्यावर ते खाता येते, पण कोणी त्यासाठी बाजार भरवत नाही. पाकिस्तानात मात्र गेल्या काही दशकांत डोंगरांतल्या काहूच्या झाडांवर युरोपीय वाणांची कलमे बांधण्याची मोहीम चालू आहे, आणि त्या झाडांची फळे आता घाण्यावर जातात. राजस्थानने २००८ पासून इस्रायली तंत्रज्ञांच्या मदतीने जैतुनाच्या बागा लावल्या, पण तिथे मुळात रानजैतून नव्हते. रोपे बाहेरून आणावी लागली. काहू असलेल्या हिमालयाच्या उतारांना ती अडचण नाही. मला तरी काहूवर कलमे बांधण्याची वाट जास्त शहाणपणाची वाटते.

महाराष्ट्रात या जातीचे जैतून नाही, तिची एक नातलग आहे. महाबळेश्वरच्या दाट झाडीत आणि सह्याद्रीच्या इतर सदाहरित रानांत पारजांब नावाचे झाड वाढते. रॉक्सबर्गने त्याला ओलिया डायोइका असे नाव दिले होते, कारण नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्या प्रजातीत हलवून टेट्रापायलस म्हणायला सुरुवात केली आहे. फळे लहान, पिकल्यावर निळसर काळी, बाठीवर पातळ गर. रानातल्या पक्ष्यांचे ते खाद्य. त्यातून तेल निघेल अशी आशा कोणी धरू नये.

पुन्हा भूमध्य समुद्राकाठी येऊ, कारण रानजैतुनाच्या तेलाची गोष्ट उरली आहे. लागवडीच्या फळांतून साधारण पाच किलोंना एक लिटर तेल निघते. रानटी फळांना दहा किलो आणि त्याहून जास्त लागतात, शिवाय ती काटेरी फांद्यांतून एकेक करून वेचायची. तरीही स्पेनच्या दक्षिणेला काडिस प्रांतात असेबुचेचे तेल काढणारे लोक आहेत, कारण त्याची चव. रंग हिरवट सोनेरी, वास कापलेल्या गवताचा, आणि घशाशी उतरताना झणझणीत. फिनॉल वर्गातली द्रव्ये त्यात भरपूर असतात. तीच तेलाला लवकर खवट होऊ देत नाहीत.

हा घशातला झणझणीतपणा कशाचा, हे कळायला २००५ साल उजाडले. गॅरी बोशाँ हे अमेरिकी शास्त्रज्ञ सिसिलीत एका परिषदेला गेले होते. तिथे ताजे जैतून तेल चाखताना घशाच्या मागच्या बाजूला जी आग झाली ती त्यांना ओळखीची वाटली. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक औषध द्रवरूपात घेताना नेमकी तशीच आग होते, आणि त्या चवीवर त्यांनी आधी काम केले होते. प्रयोगशाळेत तपासल्यावर तेलातले ते द्रव्य सापडले. त्याला ओलिओकँथल नाव मिळाले. ते सूज आणणाऱ्या त्याच विकरांना रोखते ज्यांना आयब्युप्रोफेन रोखते. म्हणून लगेच तेल औषधासारखे पिऊ नये. रोजच्या चमच्यात या द्रव्याचे प्रमाण फार थोडे असते, आणि डोकेदुखीवर गोळीच कामाला येते.

आपल्या बाजारात ‘वाइल्ड ऑलिव्ह’ असे लिहिलेली बाटली दिसली तर आधी थांबावे. रानजैतुनाचे तेल निघते फार थोडे आणि ते बहुतेक निघते तिथेच खपते. बाटलीवर गाव, सुगीचे वर्ष आणि झाडाचा प्रकार स्पष्ट छापलेला नसेल तर तो शब्द निव्वळ सजावटीचा समजावा. आणि अस्सल तेल हाती लागलेच, तर ते तळणीत घालू नये, फोडणीलाही नाही. भाकरीवर, उकडलेल्या बटाट्यावर किंवा कोशिंबिरीवर कच्चेच घालावे, बाटली उन्हापासून दूर ठेवावी आणि वर्षाच्या आत संपवावी. पहिल्या घोटाला ठसका लागला तर तेल खराब आहे असे समजू नका. तेल ताजे आहे.